विचारा की! : बोर्डिंग पास एकाचा, सीटवर दुसराच

मागच्या अंकात स्वस्त तिकिटांवर लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र तिकीट हातात पडल्यावर पुढं जे घोळ होतात त्यांच्यावर. माणूस एका गावात आणि बॅग दुसऱ्या, आधारवर एक नाव आणि तिकिटावर दुसरं, थोरल्याच्या तिकिटावर धाकटा. सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, विमानं वाढली तसे हे घोळही आपल्याकडं आले. मी आधी मुंबईत चेक-इन काउंटरला उभी राहिलेली, आता टिळकवाडीत तिकिटं काढून देणारी. म्हणजे काउंटरची अलीकडची बाजूही बघितली आणि पलीकडचीही. या खेपेला सगळी पानं याच विषयाला दिली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या आईचं काय झालं बघा. बंगळूरला बहिणीकडं जायचं म्हणून तिला सांबऱ्याला सोडलो. काउंटरवर बॅग दिली, चिठ्ठी घेतली, आत गेली. विमानात बसली तर दुसरी एक बाई येऊन ‘ही माझी सीट’ म्हणायला लागली. एअरहोस्टेसनं आईला उठवून मागं बसवलं. बंगळूरात उतरली तर बॅग नाही, ती दुसऱ्या दिवशी आली. बहिणीनं घरी पर्समधली चिठ्ठी काढून बघितली तर आडनाव पाटील, पण नाव भलत्याच बाईचं! एवढे पोलीस, एवढी मशिनं, कुणालाच कसं दिसलं नाही? आणि बॅग का राहिली? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : बॅग का राहिली तिथून सुरू करते, कारण सगळी गाठ तिथंच सुटते.

त्या चिठ्ठीच्या, म्हणजे बोर्डिंग पासच्या, पाठीवर बोटभर लांबीचा एक स्टिकर असेल. बॅगेला जो लांब टॅग गुंडाळतात त्याचाच तो तुकडा. नीट बघा, चिठ्ठीवर दुसऱ्या पाटीलबाई असल्या तरी स्टिकरवर तुमच्या आईंचंच नाव सापडेल. म्हणजे काउंटरवरच्या पोरानं कॉम्प्युटरमध्ये काही चुकवलं नव्हतं. आईंचं चेक-इन त्यांच्याच नावावर, बॅगही त्यांच्याच नावावर. चुकली ती चिठ्ठी उचलताना. शेजारच्या दोन काउंटरांना कितीदा एकच प्रिंटर असतो. दुसऱ्या पाटीलबाईंनी मोबाइलवर चेक-इन केलेलं असणार, वर कागदाची चिठ्ठीही मागितली असणार, आणि ती निघायच्या आतच मोबाइल घेऊन त्या पुढं गेल्या असणार. ‘पाटील’ एवढंच वाचून ती तुमच्या आईंच्या हातात पडली. आईंची खरी चिठ्ठी मागाहून निघाली आणि ट्रेमध्ये पडून राहिली. सांबऱ्याहून सुटणारं आणि एकच पाटील असलेलं विमान कुणी दाखवलं तर मी त्याला कुंदा खिलवीन.

आता गेटवर काय झालं असेल ते. आई आधी गेल्या. स्कॅनरनं बारकोड वाचला, हिरवा दिवा लागला आणि कॉम्प्युटरनं नोंद केली की दुसऱ्या पाटीलबाई चढल्या. मागून त्या खऱ्या बाई मोबाइल पुढं करून उभ्या. मशीन म्हणालं, हा प्रवासी आधीच चढलाय. इथं हात थांबायला हवा होता. पण मागं रांग असते, विमान वेळेत सोडायचं असतं, मोबाइलची काच नीट वाचली गेली नसेल असं समजून ‘जावा मॅडम’ म्हणून सोडतात. तुमच्या आई आत सीटवर बसलेल्या आणि कॉम्प्युटरच्या लेखी त्या आलेल्याच नाहीत. बाहेर त्यांच्या नावाचा पुकारा चालू. पुकारूनही येत नाहीत म्हटल्यावर त्या ‘नो-शो’. आणि ज्या बॅगेचा माणूस चढला नाही ती बॅग विमानात ठेवायची नाही, खाली काढायची, हा नियम.

तो नियम रक्तानं लिहिलेला आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्यापलीकडं समुद्रात कोसळलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब असलेली बॅग कॅनडात चेक-इन झाली होती, ती देणारा माणूस मात्र विमानात चढलाच नव्हता. आपल्याकडं विमानतळांच्या सुरक्षेचे नियम करणारा नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो आधी डीजीसीएतलाच, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातलाच, एक कक्ष होता. कनिष्कनंतर १९८७ मध्ये तो स्वतंत्र खातं झाला. तेव्हा आईंची बॅग खाली काढणाऱ्या लोडरवर रागावू नका. त्या दिवशी सांबऱ्याला ज्यानं आपलं काम चोख केलं तो तोच.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुणालाच कसं दिसलं नाही. दिसायला आधी बघावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी थोडंथोडंच बघतात.

बाहेरच्या दारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र घेतो, नाव जुळवतो, तारीख बघतो, तोंडाकडं बघतो. माणूस, नाव आणि फोटो तिघं एकत्र येतात ती बहुतेक वेळा हीच एक जागा. पण तेव्हा आईंच्या हातात चुकीची चिठ्ठी आलेलीच नव्हती! काउंटरवर ओळखपत्र बघितलं तरी पुढं चिठ्ठी देताना ती पुन्हा जुळवतीलच असं नाही. सुरक्षा तपासणीतल्या जवानाला तुमच्या अंगावर आणि पिशवीत काय आहे याच्याशी मतलब. तो चिठ्ठी बघतो ती आजची आहे का, या विमानाची आहे का एवढ्यापुरती, मग शिक्का. बोर्डिंग गेटवर मशीन बारकोड वाचतं. बारकोडला तोंड नसतं. विमानाच्या दारातली मुलगी सीट नंबर बघून डावीकडं-उजवीकडं हात दाखवते. प्रत्येक जण धरून चालतो की माणूस तोच आहे हे आधीच्यानं बघितलंय. आधीच्यानं बघितलेलं असतंही. फक्त चिठ्ठी मधेच बदललेली असते.

मला खरी टोचणी लावून गेली ती सीटवरची भांडाभांडी. एका सीटवर दोन माणसं आली म्हणजे दोघांपैकी एकाची चिठ्ठी चुकलीय, याला दुसरा अर्थच नाही. तिथं दोघींच्या चिठ्ठ्यांवरची नावं मोठ्यानं वाचली असती तरी उलगडा झाला असता, पुकारा थांबला असता, बॅग चढली असती. पण रिकामी सीट दिसली की माणूस तिथं ढकलायची सवय. दार लावण्याआधी डोकी मोजतात, तेव्हाही एक डोकं जास्तच भरलं असणार. जास्त भरलं की पुन्हा मोजायचं असतं, यादीशी ताळा घालायचा असतो. विमान कंपनीला पत्र लिहाल तेव्हा हेच दोन प्रश्न विचारा : गेटवर दुसऱ्यांदा स्कॅन झाला तेव्हा कुणी सोडलं, आणि डोकी किती मोजली. ‘आईंना मनस्ताप झाला’ एवढंच लिहिलं तर माफीचं छापील पत्र येईल.

तुमच्या आई निदान बंगळूरलाच पोचल्या. ३० जानेवारी २०२३ ला दिल्लीहून पाटण्याला निघालेला एक प्रवासी इंडिगोच्या विमानातून उतरला तो उदयपूरला. बोर्डिंग पास पाटण्याचा, माणूस राजस्थानात. डीजीसीएनं चौकशी लावली. म्हणजे राजधानीतही हे होतं. आपल्याकडं तर जिना लावलेल्या विमानापर्यंत पायी चालत जायचं असतं. शेजारी दुसरं विमान उभं असलं तर पुढच्या बाईच्या पदराकडं बघत चालू नका म्हणून आईंना सांगा.

आणि आणखी एक. चिठ्ठी सगळी इंग्रजीत. आपल्या खेड्यातल्या आया मराठी वाचतात, कन्नड बोर्डही अंदाजानं ओळखतात, इंग्रजीशी गाठ नाही. त्यांना घरीच पढवून ठेवा, चिठ्ठी हातात आल्यावर काउंटर सोडायचा नाही, ‘यावर कुणाचं नाव हाय, वाच की बाबा’ म्हणायचं. काउंटरवरच्यांना याचा राग येत नाही. आला तर येऊ दे.

प्रश्न : वडिलांचं नाव आधारवर ‘परशराम’ आहे. मी तिकीट काढताना सवयीनं ‘परशुराम’ टाकलं. शिवाय आधारवर आडनाव नाहीच, नावापुढं फक्त एक आद्याक्षर आहे. तिकिटावर आडनाव भरल्याशिवाय पुढंच जाऊ देत नाही. सांबऱ्याच्या दारातून परत पाठवतील का? (निपाणी)

उत्तर : परशराम-परशुरामवरून बहुधा कुणी परत पाठवणार नाही. दारावरच्या जवानाला कळतं. फोटो जुळला, बाकीचं जुळलं की एका अक्षरावरून तो अडून बसत नाही. पण ‘बहुधा’वर वडिलांना एकटं पाठवू नका.

आपल्या सीमाभागात हा त्रास जरा जास्तच. शाळेच्या दाखल्यावर मराठीतलं नाव, आधारवर कन्नड आणि इंग्रजी, इंग्रजी स्पेलिंग त्या दिवशी मशीनवर बसलेल्या पोराच्या मर्जीनं. स्वतःचं नाव-वडिलांचं नाव-आडनाव अशी आपली पद्धत, तर कर्नाटकातल्या कित्येक कागदांवर नुसती आद्याक्षरं. एकाच घरात एकाचं आडनाव पाटील, दुसऱ्याचं गावावरून, तिसऱ्याला आडनावच नाही, असे तीन आधार माझ्या टेबलावर येतात. मी तिकीट काढताना माणसाला नाव विचारतच नाही, कार्ड मागते आणि त्यावरचं इंग्रजी अक्षरन् अक्षर उतरवते. हाक मारायचं नाव घरी ठेवायचं.

आडनाव नसेल तर बहुतेक कंपन्या पहिलंच नाव दोन्ही रकान्यांत भरायला सांगतात. आधी त्यांच्या मदत क्रमांकावर विचारून घ्या, कारण प्रत्येकाची रीत निराळी.

तुम्ही तिकीट कंपनीच्या वेबसाइटवरून थेट काढलं असेल आणि अजून २४ तास झाले नसतील तर आत्ताच फोन करा. त्याच माणसाच्या नावातली चूक २४ तासांत दाखवून दिली तर दुरुस्तीचे पैसे घ्यायचे नाहीत, असा डीजीसीएचा नियम आहे. एजंटाकडून काढलं असेल तर एजंटाच्या मागं लागा. आणि देशाबाहेर जायचं असेल तर मात्र पासपोर्टवर जसं आहे तसंच, तिथं परशराम म्हणजे परशरामच.

याच वाचकानं पत्राच्या शेवटी विचारलंय की आईच्या जुन्या पासपोर्टवर जन्मस्थळ ‘बेलगाम’ आहे आणि आता सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’, त्यानं अडेल का. नाही. दारावर कुणी जन्मगाव जुळवत नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दादाचं मुंबईचं तिकीट आहे, त्याला आयत्या वेळी सुट्टी नाही. आम्ही दिसायला सेम. त्याचं आधार घेऊन मी गेलो तर? तिकीट वाया तरी जाणार नाही. (बेळगाव)

उत्तर : नाही.

आता ‘पण आत सोडतील की’ म्हणशील. सोडतीलही, वर मीच लिहिलंय कुठं काय बघत नाहीत ते. पण दुसऱ्याच्या ओळखपत्रावर स्वतःला खपवणं हा तोतयेगिरीचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला नावावर केस, मग पासपोर्टला पोलीस पडताळणी, नोकरीला पडताळणी. तिकीट किती रुपयांचं होतं म्हणालास?

दुसरं. विमानात कोण आहे याची यादी म्हणजे प्रवाशांच्या नावांची यादी. वर काही बरंवाईट झालं तर घरी फोन कुणाच्या नावानं जाईल, भरपाई कुणाच्या नावानं मागायची, याचा विचार कर. दादा ऑफिसात धडधाकट बसलेला आणि यादीत त्याचं नाव.

विमानाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. दादाला ते रद्द करू दे. भाडं फारसं परत नाही आलं तरी विमानतळाचं शुल्क आणि कर परत मागता येतात, ते मागा. तुझ्यासाठी रात्रीच्या स्लीपर गाड्या आहेत की.

प्रश्न : परदेशात तरी असं होत नसेल ना? तिकडं सगळं काटेकोर. (निवृत्त शिक्षक, शहापूर)

उत्तर : गुरुजी, तिकडच्या गोष्टी ऐकाल तर आपलं सांबरा बरं म्हणाल.

२९ ऑक्टोबर २०१० ला हाँगकाँगहून व्हँकूवरला निघालेल्या एअर कॅनडाच्या विमानात एक गोरे म्हातारे गृहस्थ चढले. डोक्यावर टोपी, अंगात स्वेटर, चेहऱ्यावर सुरकुत्या. मधेच ते शौचालयात गेले आणि बाहेर आला तो विशीतला चिनी मुलगा. तोंडावर सिलिकॉनचा मुखवटा होता. हात मात्र तरुणाचेच, आणि म्हातारा चढला तेव्हाच काहींच्या ते डोळ्यांत आलं होतं. अमेरिकन पासपोर्टवाल्या पन्नाशीतल्या माणसाबरोबर त्यानं बोर्डिंग पासची अदलाबदल केली होती. इमिग्रेशन ओलांडून आत गेल्यावर सगळ्यांची बसायची जागा एकच, तिथं दोघांनी चिठ्ठ्या बदलल्या की झालं. गेटवर पासपोर्ट आणि चेहरा नीट जुळवला असता तर मुखवट्याचा खर्च वाया गेला असता.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मार्च २०१४ मध्ये नाहीसं झालेलं मलेशियाचं एमएच ३७० तुम्हाला आठवत असेल. त्यात दोन प्रवासी चोरलेल्या पासपोर्टवर बसले होते, एक ऑस्ट्रियाचा, एक इटलीचा, दोन्ही थायलंडमध्ये चोरीला गेलेले. इंटरपोलकडं चोरीच्या आणि हरवलेल्या पासपोर्टांची यादी २००२ पासून आहे आणि हे दोन्ही पासपोर्ट त्या यादीत होते. यादी होती, बघितली कुणी नव्हती. त्या दोघांचा विमान नाहीसं होण्याशी संबंध निघाला नाही, ते आसरा शोधत युरोपला निघालेले इराणी तरुण होते. पण त्यांच्यामुळं ही पोकळी जगाला दिसली.

आणि ब्रिटनमध्ये देशातल्या देशात उडायला ओळखपत्र दाखवलंच पाहिजे असा सरकारी कायदाच नाही. विमान कंपनी मागेल तर दाखवायचं. त्यांचा हिशेब असा की तपासायची ती बॅग आणि खिसे, नाव काहीही असो. मला तो हिशेब अगदीच चुकीचा वाटत नाही. कार्ड दाखवून कुणी सज्जन होत नाही. पण आपल्याकडं घरातल्या घरात तिकिटं फिरवायची जी हौस आहे ती बघता दारावरचा जवान असलेला बरा.

प्रश्न : भाऊ चोर्ला घाटातून गाडी घेऊन गोव्याच्या दाबोळी विमानतळावर पोचला, दारावरच्या शिपायानं तिकीट बघून सांगितलं तुमचं विमान मोप्याहून आहे. विमान चुकलं. पैसे परत मिळतील का? (खानापूर)

उत्तर : तिकिटाचे नाहीत. चूक कंपनीची नव्हे. शुल्क आणि कर मागा, तेवढेच मिळतील.

जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या दुसऱ्या विमानतळावरून, मोप्याहूनही विमानं सुटतात आणि तेव्हापासून माझ्याकडं असा एक तरी फोन येतोच. तिकिटावर दोन्हीकडं ‘गोवा’ छापलेलं असतं, म्हणून शहराचं नाव वाचूच नका, तीन अक्षरांचा कोड वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, वास्कोजवळचा. जीओएक्स म्हणजे मोपा, वर पेडण्याकडचा. बेळगावहून निघतानाच वाट ठरवावी लागते, घाट उतरल्यावर कळून उपयोग नाही, आणि पावसाळ्यात चोर्ल्यावर दरड किंवा ट्रक आडवा असला तर दोन्हीही चुकतात. २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचंही उद्घाटन झालंय, तेव्हा ‘मुंबईचं काढा ताई’ म्हणून सांगून आता भागत नाही. सांबऱ्याचा स्वतःचा कोड आयएक्सजी. तो तिकिटावर दिसला की निदान घरातून निघायची दिशा तरी नक्की.

प्रश्न : मुलगी विमानात बसायच्या आधी बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकते. तिच्या मैत्रिणीही टाकतात. त्यात काय धोका? (चिक्कोडी)

उत्तर : पासवर नाव आणि सहा अक्षरांचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, असतो. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर पीएनआर आणि आडनाव एवढ्या दोन गोष्टींवर बुकिंग उघडतं. मग फोन नंबर, ईमेल, परतीचं विमान, सगळं समोर. बोटांनी नाव झाकलं तरी बारकोडात ते असतंच, आणि बारकोड वाचणारं ॲप कुणीही फुकट घेतं. त्यात तारीखसुद्धा वर्षातला कितवा दिवस या हिशेबानं लिहिलेली असते, १ फेब्रुवारी म्हणजे ०३२. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये असाच फोटो टाकला आणि एका जाणकारानं त्यावरून त्यांचा पासपोर्ट क्रमांक शोधून काढला. त्यानं तो गैरवापर न करता कळवला, हे ॲबटांचं नशीब.

फोटो टाकायचा तर खिडकीतून ढगांचा टाकावा. आणि उतरल्यावर चिठ्ठी सीटच्या खिशात ठेवून येऊ नये, घरी फाडावी.

प्रश्न : आजोबांचं आधार सापडत नाही, उद्या निघायचंय. लहान मुलाचंही कार्ड नाही. (कडोली)

उत्तर : आधारच पाहिजे असं नाही. मतदार कार्ड, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक, फोटो असलेलं पेन्शनचं कार्ड, अपंगत्वाचं ओळखपत्र, यातलं एक मूळ कागदात घ्या. झेरॉक्स चालत नाही, यावरून रोज कुणीतरी दारात अडतो. मोबाइलमध्ये एम-आधार असेल तर तेही चालतं. आजोबा फौजेतून निवृत्त असतील तर त्यांच्या पेन्शनच्या कागदावरचा फोटो ओळखू येण्याजोगा आहे का तेवढं बघा. आपल्याकडच्या कित्येक आजोबांचे फोटो मिशा काळ्या असतानाचे असतात. मूल आईवडिलांबरोबर असेल तर त्याला वेगळं ओळखपत्र लागत नाही, तरी तान्ह्या बाळाच्या वयासाठी जन्मदाखला जवळ असू द्या.

प्रश्न : डिजियात्रानं हे सगळे घोळ मिटतील का? चेहरा दाखवून आत जायचं म्हणे. (वडगाव)

उत्तर : काही मिटतील. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीला सुरू झालं, मग पुणे, मुंबई वगैरे. आधारवरून चेहरा आणि नाव मोबाइलमध्ये ठेवायचं, बोर्डिंग पास त्याला जोडायचा, मग दार, सुरक्षा आणि गेट, तिन्ही ठिकाणी कॅमेरा बघतो. खानापूरच्या आईंच्या बाबतीत जे निसटलं, म्हणजे चिठ्ठी आणि चेहरा पुन्हा एकदा जुळवणं, ते इथं मशीन करतं. तेवढ्यापुरतं ते चांगलं.

पण ज्यांच्या चिठ्ठ्या खरोखर बदलतात त्या बायकांकडं साधा फोन असतो. आणि तिकिटावर परशुराम, आधारवर परशराम असेल तर दारावरचा जवान समजून घेतो, मशीन घेत नाही. सक्ती कुणावरच नाही. चेहरा द्यायचा नसेल तर कार्डाची रांग आहे, आणि ‘सर, डिजियात्रा करा’ म्हणून मागं लागणाऱ्या पोरांना नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : मुलगी पहिल्यांदाच दुबईला जाऊलीय, एकटी, आणि घाबरलीय. मुंबईत तिला आत गेटपर्यंत सोडायचंय. एक जण म्हणाला, त्याच दिवसाचं कुठलंही स्वस्त तिकीट काढायचं, आत जायचं, आणि मग रद्द करायचं. करू का? (मच्छे)

उत्तर : करू नका. आत जाणं जमतं, बाहेर येणं जमत नाही. आत गेलेला माणूस विमानात न बसता परत दारावर आला की सीआयएसएफचे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे) जवान थांबवतात, तिकीट तपासतात, आणि रद्द केलेलं निघालं की पोलिसांकडं देतात. दिल्ली-मुंबईला लेकीला, बायकोला सोडायला गेलेले लोक या कारणानं पकडले गेल्याच्या बातम्या येत असतात. जुन्या तिकिटाच्या पीडीएफवर तारीख बदलून जाणारेही असतात. मोठ्या विमानतळांवर आता दारातच बारकोड वाचतात, तिथं ते लगेच उघडं पडतं. मुलीला निरोप द्यायला जाऊन बाप पोलीस चौकीत, आणि तिचं विमान सुटायच्या वेळेला.

तिला सोबत हवी असेल तर सरळ मागा. कंपन्यांकडं आणि मोठ्या विमानतळांवर पैसे घेऊन दारापासून गेटपर्यंत माणूस बरोबर देतात, तिकीट काढतानाच विचारा. कुणा वयस्कर माणसाला खरोखर चालवत नसेल तर व्हीलचेअरची नोंद निदान ४८ तास आधी करायची, म्हणजे माणूस दारात हजर असतो. मुलीला दोन तास जास्त हातात ठेवून पोचवा. इमिग्रेशनला काय विचारतात ते मी एका कागदावर मराठीत लिहून देते, ऑफिसात येऊन घेऊन जावा. रविवारी बंद असतं.